गोलसमोर उंच मुलगाच हवा का?

शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस जवळ आले की भंडारा जिल्ह्यातल्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : पोराची उंची वाढवायचे काही औषध आहे का? विचारणारे आईवडील तुमसरचे असोत, साकोलीचे असोत की पवनीचे, अडचण साधारण एकच असते. मुलगा पळतो चांगला, चेंडूवर ताबाही चांगला. पण निवडीच्या दिवशी कुणीतरी म्हणाले, ‘उंची कमी पडते.’ घरी येईपर्यंत शेजाऱ्याने एखादी पावडर सुचवलेली असते, मामाने मोबाईलवर इंजेक्शनची जाहिरात दाखवलेली असते आणि धानाच्या पैशांतले काही हजार रुपये त्यासाठी बाजूला काढलेले असतात.

या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. खेळात उंचीचा फायदा नेमका कुठे आणि किती होतो, हा पहिला. आणि उंची कशाने वाढते, कशाने खुंटते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मैदानावर मिळते. दुसऱ्याचे उत्तर मैदानावर शोधत बसलो, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात.

जागा संपली की उंची कामाला येते

फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. चेंडू मैदानाच्या मध्यावर असतो तेव्हा खेळाडूंना चहूबाजूंनी मोकळी जागा असते. तिथे वेग, चपळाई आणि पायातली कारागिरी उपयोगी पडते. पण कॉर्नर किकच्या वेळी गोलसमोरच्या काही पावलांत दहा-पंधरा खेळाडू दाटीवाटीने उभे असतात. जमिनीवरून चेंडू सरकवायला फट उरत नाही. मोकळी राहते ती फक्त डोक्यावरची जागा. म्हणून चेंडू उंच टाकला जातो आणि संघातला सर्वांत उंच गडी गोलसमोर पाठवला जातो. इंग्लंडचा पीटर क्राउच ६ फूट ७ इंच उंच होता. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये त्याने डोक्याने ५३ गोल केले आणि या प्रकारच्या गोलांचा विक्रम आपल्या नावावर केला.

हा विचार सर्वांत पुढे नेला तो अमेरिकन फुटबॉलने. नाव फुटबॉल असले तरी हा खेळ आपल्या फुटबॉलहून फार वेगळा आहे. चेंडू लंबगोल असतो. तो हातात धरून पळायचे किंवा हाताने फेकून पुढे न्यायचे. चेंडू फेकणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हणतात, पळत जाऊन तो झेलणाऱ्याला रिसीव्हर. १०० यार्डांच्या मैदानाच्या दोन्ही टोकांना १० यार्ड खोलीचा एकेक पट्टा असतो. त्या पट्ट्यात चेंडू झेलला की सहा गुण मिळतात. आपल्याकडेही २०१२ साली या खेळाची एक लीग सुरू झाली होती आणि तिच्यात पुणे मराठाज व मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ होते. खेळ मात्र इथे रुजला नाही.

या खेळात मैदानाच्या मध्यावर बचावपटूची मोठी पंचाईत असते. रिसीव्हर मागे चाळीस-पन्नास यार्ड पळून जाऊ शकतो, त्यामुळे एवढी सगळी जागा राखावी लागते. गोलरेषेजवळ चित्र पालटते. मागे उरतात जेमतेम दहा यार्ड, त्यापलीकडे मैदानच संपते. बचावपटूंना थोडीच जागा राखायची असल्याने ते एकमेकांना खेटून उभे राहतात. अशा वेळी क्वार्टरबॅक चेंडू मुद्दाम उंच, कोपऱ्यात टाकतो; आपल्या उंच गड्याचा हात पोहोचेल पण बचावपटूचा पोहोचणार नाही, अशा बेताने. कॅल्विन जॉन्सन हा ६ फूट ५ इंचांचा रिसीव्हर नऊ मोसम खेळला आणि त्याने अशा-तशा झेलांवर ८३ वेळा सहा-सहा गुण मिळवले. ६ फूट ४ इंचांच्या रँडी मॉसने २००७ च्या एकाच मोसमात २३ वेळा हे साधले.

यामागे शरीररचनेचा साधा हिशेब आहे. हात वर ताणला की बोटांचे टोक स्वतःच्या उंचीपेक्षा साधारण एक-तृतीयांशाने वर पोहोचते. १९६ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचा हात सुमारे २६१ सेंटीमीटरपर्यंत जातो, तर १७८ सेंटीमीटरवाल्याचा सुमारे २३७ पर्यंत. म्हणजे उंचीतला १८ सेंटीमीटरचा फरक हात वर केल्यावर २४ सेंटीमीटरचा होतो. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलमध्ये उंच माणसांचा एवढा बोलबाला का, हे यावरून कळते. आपल्या फुटबॉलमध्ये मात्र गोलरक्षक सोडून कुणाला हात लावता येत नाही. तिथे फरक उंचीइतकाच राहतो, आणि तेवढा फरक चांगल्या उडीने भरून काढता येतो.

बुटका गडी आधी पोहोचतो तेव्हा

१ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, सिअॅटलचा संघ गोलरेषेपासून फक्त एक यार्डावर होता. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरलेला. चेंडू टाकला गेला ६ फूट २ इंचांच्या रिकार्डो लॉकेटकडे. त्याच्यासमोर नव्हे, तर थोडा मागे उभा असलेला ५ फूट ११ इंचांचा माल्कम बटलर पुढे झेपावला आणि चेंडू त्यानेच झेलला. न्यू इंग्लंड २८-२४ असे जिंकले. बटलर हा त्या वर्षी संघात आलेला नवखा खेळाडू. सामन्याआधीच्या सरावात नेमक्या याच डावावर तो फसला होता. त्यामुळे समोरच्यांची रचना दिसताच पुढे काय होणार, हे त्याने ओळखले. तीन इंचांची कसर त्याने अर्ध्या क्षणाच्या अंदाजाने भरून काढली.

२०१८ च्या मोसमात संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे १५ वेळा, झेलावर सहा गुण मिळवले ते अँटोनियो ब्राउनने. त्याची उंची ५ फूट १० इंच. त्या लीगमध्ये ही उंची लहानखोरीच समजली जाते. बचावपटूपासून एक पाऊल सुटणे, एका क्षणी डावीकडे जातो असे भासवून उजवीकडे वळणे, हे त्याला इतरांपेक्षा चांगले जमत होते.

आपल्या ओळखीचे उदाहरण लिओनेल मेस्सीचे आहे. २७ मे २००९ रोजी रोममध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक एडविन व्हान डर सार ६ फूट ५ इंचांहून उंच, बचावपटूही धिप्पाड. ७० व्या मिनिटाला झावीने उंच चेंडू टाकला आणि ५ फूट ७ इंचांच्या मेस्सीने तो डोक्याने गोलात घातला. त्याच्यावर उंच उडीची मात करायला जवळ कुणीच नव्हते, कारण तो मोकळ्या जागेत आधीच जाऊन थांबला होता. आपल्या सुनील छेत्रीची उंचीही साधारण तेवढीच. भारतासाठी केलेल्या नव्वदहून अधिक गोलांपैकी कितीतरी त्याने डोक्याने केले.

यामागेही विज्ञान आहे. ६० सेंटीमीटर उंच उडी मारणारा खेळाडू हवेत फक्त ०.७ सेकंद असतो. ४० सेंटीमीटर उडी मारणारा सुमारे ०.५७ सेकंद. पण हवेतल्या एकूण वेळातला निम्मा वेळ उडीच्या सर्वांत वरच्या पाव भागात जातो, कारण वर जाताना वेग कमी होत जातो. म्हणून चांगला हेडर मारणारा हवेत क्षणभर टांगल्यासारखा दिसतो. चेंडू नेमका त्याच क्षणी तिथे पोहोचला पाहिजे. उंच पण उशिरा उडणाऱ्यापेक्षा बुटका पण वेळेवर उडणारा इथे वरचढ ठरतो. आणि उडी, वेळ, अंदाज या तिन्ही गोष्टी सरावाने सुधारतात. उंची तशी सुधारत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : गोलसमोरच्या गर्दीत उंचीचा फायदा खरा आहे, पण तो एका ठिकाणचा, एका प्रसंगाचा फायदा आहे. फुटबॉल, कबड्डी, खो-खो खेळू पाहणाऱ्या मुलाला केवळ उंचीवरून घरी पाठवण्याइतका तो मोठा नाही.

उंची कुठे घडते

जन्मतः बाळाची लांबी सुमारे ५० सेंटीमीटर असते. पहिल्या वर्षात ते जवळपास २५ सेंटीमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात आणखी १० ते १२. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मूल आपल्या मोठेपणीच्या उंचीच्या साधारण निम्म्यावर आलेले असते. नंतर दरवर्षी पाच-सहा सेंटीमीटर असा संथ प्रवास चालतो आणि वयात येताना पुन्हा एकदा वेग वाढतो.

उंचीवर आनुवंशिकतेचा प्रभाव मोठा असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५० लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीवर आधारलेल्या अभ्यासात उंचीशी संबंधित १२ हजारांहून अधिक जनुकीय फरक सापडले. पण जनुके फक्त मर्यादा आखून देतात. त्या मर्यादेत मूल कुठपर्यंत पोहोचेल हे अन्न, आजारपण आणि स्वच्छता ठरवते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नेदरलँड्सचे लोक युरोपात बुटक्यांत गणले जात. आज ते जगातल्या सर्वांत उंच लोकांत आहेत. दीडशे वर्षांत त्यांची उंची सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. इतक्या थोड्या पिढ्यांत जनुके एवढी बदलत नाहीत. दूध, अन्न, स्वच्छ पाणी आणि कमी झालेले संसर्ग यांनी हा बदल घडवला.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने कमी उंचीची आहेत. यातल्या बहुतेकांच्या आईवडिलांची उंची हे त्याचे पूर्ण कारण नसते. आई गरोदरपणात रक्तक्षयाने थकलेली, बाळ कमी वजनाचे, सहा महिन्यांनंतर वरचे अन्न उशिरा सुरू झालेले, वारंवार जुलाब. अशी ही साखळी असते. जुलाबाच्या प्रत्येक आजारपणात वाढ काही आठवडे थांबते आणि भरून निघायच्या आत पुढचे आजारपण येते. दोन वर्षांपर्यंत हुकलेले सेंटीमीटर नंतर पूर्णपणे परत मिळवणे कठीण जाते.

गोलसमोर उभ्या राहणाऱ्या उंच खेळाडूची पहिली निवड चाचणी अशी अंगणवाडीतच होऊन गेलेली असते. तिथे दर महिन्याला बाळाचे वजन आणि उंची मोजून तक्त्यावर बिंदू मांडला जातो. ती रेघ सपाट होऊ लागली, तर बाळ तापलेले नसले तरी दवाखान्यात दाखवावे.

तेरा वर्षांचे दोन मुलगे

वयात येताना मुलींची उंची साधारण ११ ते १२ व्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते, मुलांची १३ ते १४ व्या वर्षी. या काळात मुलगी वर्षाला सुमारे आठ आणि मुलगा नऊ-दहा सेंटीमीटर वाढतो. पण हे सरासरीचे आकडे झाले. एखादा मुलगा बाराव्या वर्षीच झेप घेतो, दुसरा पंधराव्या वर्षापर्यंत जागचा हलत नाही. दोघेही पूर्ण निरोगी असू शकतात.

आठवीच्या वर्गात हे दोघे शेजारी उभे राहिले, तर एक जवान गड्यासारखा दिसतो आणि दुसरा पाचवीतला वाटतो. निवड करणाऱ्याचा डोळा साहजिकच पहिल्यावर जातो. उंच तो, ताकद त्याची, वेगही त्याचा. पण दोघांच्या हाडांचे वय सारखे नसते. पहिल्याची वाढ सोळाव्या वर्षापर्यंत थांबून जाते, तर दुसरा अठरापर्यंत वाढत राहतो आणि पुष्कळदा त्याला गाठतो किंवा मागे टाकतो. तोपर्यंत त्याने खेळ सोडलेला असतो. ज्या वर्षांत चेंडूवरचा ताबा आणि डावाची समज पक्की होते, ती वर्षे त्याची मैदानाबाहेर गेलेली असतात.

उंच म्हणून निवडल्या गेलेल्या मुलाचेही नुकसान होते. त्याचे काम उंचीवर भागते, म्हणून त्याला कुणी बारीक कौशल्ये शिकवत नाही. तीन वर्षांनी बाकीचे त्याच्या बरोबरीला आले की त्याच्याकडे वेगळे काही उरत नाही. इंग्लंडमधल्या काही मोठ्या क्लबांच्या अकादमींत म्हणूनच आता मुलांना अधूनमधून जन्मवर्षानुसार नव्हे, तर शरीराच्या परिपक्वतेनुसार गट पाडून खेळवले जाते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. जन्मतारीख, आईवडिलांची उंची आणि दर सहा महिन्यांनी भिंतीला उभे करून घेतलेले माप एवढ्यावर मुलगा वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, याचा अंदाज बांधता येतो.

मुलगा मोठेपणी साधारण किती उंच होईल, हेही आईवडिलांच्या उंचीवरून ढोबळपणे काढता येते. वडिलांची आणि आईची उंची मिळवायची, त्यात मुलासाठी १३ सेंटीमीटर मिळवायचे, मुलीसाठी १३ वजा करायचे आणि दोनने भागायचे. वडील १६५ आणि आई १५२ सेंटीमीटर असेल, तर मुलाचा अंदाज १६५ आणि मुलीचा १५२ येतो. या आकड्याच्या आठेक सेंटीमीटर खाली-वर काहीही होऊ शकते. मूल या पट्ट्यात वाढत असेल तर ते ठीक आहे. शेजारच्या मुलाशी तुलना करून घाबरण्याचे कारण नाही.

मुलींच्या बाबतीत वेळ आणखी कमी असतो. पहिली पाळी येईपर्यंत मुलीची बहुतांश उंची वाढून झालेली असते. त्यानंतर साधारण पाच ते सात सेंटीमीटरच वाढ उरते. म्हणजे मुलीच्या ताटाकडे लक्ष द्यायचे ते नवव्या-दहाव्या वर्षापासून. घरात अंडे, मासा किंवा दूध आधी मुलाला आणि उरले तर मुलीला, अशी रीत असेल, तर ती तिची उंची तर कमी करतेच, शिवाय पुढे ती आई झाल्यावर तिच्या बाळाचीही.

मेस्सीचे इंजेक्शन आणि बाजारातली पावडर

मेस्सीला लहानपणी वाढीच्या हार्मोनची इंजेक्शने दिली होती, ही गोष्ट आता घराघरांत माहीत आहे. ती खरी आहे. पण त्यातला महत्त्वाचा भाग सांगताना गळतो. मेस्सीच्या शरीरात हे हार्मोन पुरेसे तयारच होत नव्हते. हा एक दुर्मिळ आजार आहे; काही हजार मुलांत एखाद्याला तो असतो. कमी असलेली वस्तू भरून दिली, म्हणून त्याची वाढ रुळावर आली. तरीही तो ५ फूट ७ इंचांवर थांबला. इंजेक्शनांनी तो उंच खेळाडू झाला नाही. त्याची स्वतःची उंची त्याला मिळाली.

ज्या मुलात हे हार्मोन पुरेसे आहे, त्याला खेळासाठी ते टोचणे चुकीचे आणि धोक्याचे आहे. सांधेदुखी, रक्तातली साखर वाढणे, मेंदूभोवतीचा दाब वाढून डोके दुखणे असे त्रास होऊ शकतात. इंजेक्शने वर्षानुवर्षे रोज घ्यावी लागतात आणि खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेर जातो. शिवाय खेळाडूंसाठी हे औषध जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे.

याहून वाईट म्हणजे ‘ताकदीच्या’ नावाखाली दिली जाणारी स्टेरॉइड्स. लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेची एक पट्टी असते. हाड तिथून वाढते. मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ व्या वर्षी ही पट्टी पक्क्या हाडात बदलते आणि वाढ थांबते. पुरुषी हार्मोनसारखी स्टेरॉइड्स ही पट्टी लवकर बंद करतात. सुरुवातीला मुलगा झटकन वाढल्यासारखा दिसतो, दंड फुगतात, घरचे खूश होतात आणि मग त्याची वाढ ठरल्या वेळेआधीच थांबते. लेबल नसलेल्या किंवा जिममधून हातोहात मिळणाऱ्या पुड्यांपासून मुलांना दूर ठेवायचे ते यासाठी.

उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि काढे यांचा पुरावा म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ची मापे दाखवली जातात. त्यात एक सोपी मेख असते. दिवसभर उभे राहून, चालून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि रात्री झोपेत पुन्हा फुगतात. त्यामुळे प्रत्येक माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी एक ते दोन सेंटीमीटर उंच असतो. ‘आधी’चे माप संध्याकाळी आणि ‘नंतर’चे सकाळी घेतले की पावडरीचा गुण दिसलाच. बारला लोंबकळल्यानेही तेवढाच, तात्पुरता फरक पडतो. वाढीची पट्टी बंद झाल्यावर जगातली कोणतीही गोळी, पावडर किंवा आसन उंची वाढवत नाही.

आधी हे तपासा

काही मुलांची उंची खरोखरच आजारामुळे कमी राहते, आणि त्यांना ‘घरातच बुटके आहेत’ म्हणून सोडून देणेही योग्य नाही. शाळकरी वयातले मूल वयात येण्याआधी वर्षाला चार-पाच सेंटीमीटरपेक्षा कमी वाढत असेल, वर्गात सर्वांत लहान दिसत असेल आणि आईवडिलांच्या मानानेही कमी वाटत असेल, मुलीला १३ आणि मुलाला १४ वर्षे होऊनही वयात आल्याची काहीच खूण नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडची कमतरता, गव्हामुळे आतड्याला सूज आणणारा सीलिअॅक आजार, मूत्रपिंडाचे जुने दुखणे, मुलींमधला टर्नर सिंड्रोम ही कारणे साध्या तपासण्यांनी शोधता येतात. थायरॉइडची कमतरता तर स्वस्त गोळीने भरून निघते. डाव्या मनगटाच्या एका एक्स-रेवरून हाडांचे वय कळते आणि वाढीला अजून किती अवकाश आहे, याचा अंदाज येतो.

पूर्व विदर्भात यात सिकलसेलची भर पडते. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलच्या रुग्ण मुलांची वाढ मंदावते आणि ती एक-दोन वर्षे उशिरा वयात येतात. अशा मुलाला उंची आणि दम कमी म्हणून मैदानाबाहेर काढले जाते आणि आजार मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. वारंवार सांधे, हाडे किंवा पोट दुखणे, डोळे पिवळे पडणे, सतत फिके दिसणे ही लक्षणे असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली असून, तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. सिकलसेलचे फक्त वाहक असलेले मूल खेळू शकते. मात्र उन्हात सराव करताना त्याने भरपूर पाणी प्यावे, अधूनमधून विश्रांती घ्यावी आणि स्नायूंत जोराची कळ आली तर लगेच थांबावे.

रक्तक्षय आणि जंत ही दोन साधी कारणेही विसरू नयेत. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, लहान मुलांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढच्यांना निळी, बहुतेक वेळा दप्तरातच राहते. ती जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नाही. जंतनाशक गोळी शाळेत किंवा अंगणवाडीत मोफत दिली जाते. पावडरीच्या एका डब्याच्या किमतीपुढे या दोन्हींचा खर्च शून्य आहे.

ताट, झोप आणि सराव

भंडारा हा धानाचा जिल्हा. ताटात भाताचा डोंगर आणि वरणाची धार असे चित्र अनेक घरांत दिसते. भाताने पोट भरते, ऊर्जा मिळते. पण हाड आणि स्नायू घडवायला प्रथिने लागतात. तीही जिल्ह्यात आहेतच. मामा तलावांतले मासे, त्यांतही काट्यासकट खाल्ले जाणारे लहान मासे, प्रथिनांबरोबर कॅल्शियमही देतात. धानानंतर शेतात येणारा हरभरा, तुरीची डाळ, घरची अंडी, दूध, दही, शेंगदाणे, हिरव्या भाज्या हे सगळे मिळून जे देतात ते डब्यातल्या पावडरीत नसते. भाताचा एक वाढा कमी करून वरण घट्ट करणे आणि रोज एक अंडे किंवा मूठभर भिजवलेले हरभरे देणे, एवढ्यानेही सुरुवात होते.

वाढीचे हार्मोन मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढच्या किशोरांना ८ ते १० तास झोप लागते. पहाटे पाचला मैदानावर बोलावलेला आणि रात्री बारापर्यंत मोबाईल पाहणारा मुलगा ही झोप कुठून आणणार?

व्यायामाने उंची खुंटते, हा समज खोटा आहे. योग्य देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने मुलांची वाढ थांबत नाही. मात्र उंची झपाट्याने वाढत असते त्या वर्षात हाड आधी लांबते आणि स्नायू मागे राहतात. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखू लागते, पळण्यातला तोल बिघडतो. हा आळस नव्हे. त्या काही महिन्यांत उड्यांचा आणि पळण्याचा भार कमी करावा, ताण देणारे हलके व्यायाम वाढवावेत. दुखणे बहुधा आपोआप निवळते.

माप घेण्याची पद्धतही ठरलेली असावी. मुलाला अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून उभे करावे. डोक्यावर जाड पुस्तक आडवे ठेवून पुस्तकाच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने खूण करावी. दर सहा महिन्यांनी आणि दिवसाच्या त्याच वेळी. प्रशिक्षकांनीही उंचीच्या रकान्याशेजारी जन्मतारीख, आईवडिलांची उंची आणि मागचे माप लिहून ठेवावे. तेरा वर्षांचा मुलगा आज कुठे आहे, यापेक्षा तो कोणत्या वेगाने कुठे चालला आहे, हे त्या चार आकड्यांतून कळते.

आणि एखाद्या मुलाची उंची खरोखरच कमी राहणार असेल, तर ते त्याला लवकर आणि सरळ सांगावे. मग त्याचा वेळ लोंबकळण्यात जाणार नाही. उडीची वेळ साधणे, बचावपटूच्या पाठीमागची मोकळी जागा ओळखणे, दोन्ही पायांनी चेंडू मारणे या गोष्टी चौदाव्या वर्षी शिकायला सुरुवात केली, तर अठराव्या वर्षी त्या पक्क्या झालेल्या असतात.